शिराळ्याचा नाग आणि शिराळ्याचा मजूर

श्रावण शुद्ध पंचमी जवळ आली की सांगली जिल्ह्यातील शिराळा हे गाव वृत्तपत्रांच्या पानांवर येते आणि षष्ठीला त्यावरून नाहीसे होते. बत्तीस शिराळा या नावाने महाराष्ट्रभर ठाऊक असलेल्या या गावात जिवंत नागाच्या पूजेची प्रथा आहे आणि ती गोरक्षनाथांच्या कथेशी जोडली जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणे गुन्हा ठरविले होते. पण कायदा पुस्तकात आणि नाग मडक्यात अशी स्थिती पुढे तीस वर्षे चालली. २००२ नंतर उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे जिवंत नागांची मिरवणूक व त्यांचे खेळ बंद झाले, आणि तेव्हापासून दरवर्षी तोच वाद नव्याने रंगतो. एका बाजूला परंपरेचे कैवारी, दुसऱ्या बाजूला प्राणिमित्र, आणि मध्ये मतदारसंघाचे गणित मांडीत बसलेले पुढारी. २०२५ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने शिक्षणाचे व पारंपरिक ज्ञानाचे कारण देऊन नाग पकडण्यास मर्यादित परवानगी दिली, तेव्हा तिचे स्वागत एखादे धरण मंजूर झाल्याच्या थाटात झाले.

या साऱ्या वादात नागाच्या हक्कांचा विचार झाला, भाविकांच्या भावनांचा झाला, पर्यटनाच्या उत्पन्नाचाही झाला. ज्याला साप चावतो त्या माणसाचा मात्र कोणत्याच पक्षाने विचार केला नाही. तो माणूस शिराळ्याचाच आहे. मे महिन्याच्या अखेरीस धूळवाफेवर भात पेरणारा, पावसाळ्यात उसाच्या सरीत गुडघाभर पाल्यात शिरणारा, रात्री बारा वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जाणारा शेतकरी तो आहे. आणि दुसऱ्याच्या रानात रोजंदारीवर भांगलायला जाणारी, वैरणीचा भारा बांधताना गवतात हात घालणारी बाई ती आहे. वारणा आणि मोरणा या नद्यांच्या खोऱ्यात ऊस वाढला, उसाबरोबर उंदीर वाढले आणि उंदरांच्या मागोमाग नाग आणि घोणस वस्तीजवळ आले. पंचमीच्या दिवशी ज्याला दूध दाखवितात त्याच्याशी या माणसांची गाठ वर्षाचे उरलेले तीनशे चौसष्ट दिवस पडते.

भोपाळच्या १९८४ च्या विषारी वायूवर पुरोगामी वर्तुळात पुष्कळ लिहिले गेले. जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पाच्या किरणोत्सारावर परिसंवाद झाले, मोर्चे निघाले. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर कीटकनाशक फवारताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने मेले, तेव्हा चौकशी समित्या बसल्या. हे सारे लिहायलाच हवे होते आणि मोर्चेही निघायलाच हवे होते. पण त्यातून एक सवय जडली. विषाला मालक असेल तरच त्याचे राजकारण करायचे, ही ती सवय. कारखान्याच्या विषामागे कंपनी असते, भागधारक असतात, परवाना देणारा अधिकारी असतो. सापाच्या विषामागे कोणी दिसत नाही. म्हणून तो मृत्यू दैवाच्या खात्यावर मांडला जातो आणि खाते तिथेच बंद होते.

वास्तविक हा हिशेब फार जुना आहे, आणि तो पहिल्यांदा मांडला तोही परक्या राज्यकर्त्यांच्या एका डॉक्टराने. जोसेफ फेरर यांनी १८६९ या एका वर्षात ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थानच्या सुमारे अर्ध्या भागातून सर्पदंशाच्या मृत्यूंचे आकडे गोळा केले. ते ११,४१६ भरले. त्यांचा हिंदुस्थानातील विषारी सापांवरचा मोठा ग्रंथ १८७२ साली निघाला. सरकारने त्यावर उपाय काढला तो साप मारणाऱ्यास इनाम देण्याचा. साप मेले, इनामे वाटली गेली, माणसे मरत राहिली. दीडशे वर्षांनंतर स्वतंत्र भारताच्या दप्तरात काय चित्र होते? रुग्णालयांच्या अहवालांवरून तयार होणाऱ्या सरकारी आकड्यांत सर्पदंशाचे मृत्यू वर्षाला एक-दोन हजारांच्या घरात दाखविले जात. २०११ साली ‘मिलियन डेथ स्टडी’ या घरोघर जाऊन केलेल्या मृत्युकारणांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २००५ या एका वर्षात देशात सुमारे ४५,९०० माणसे सर्पदंशाने मेली असा तिचा अंदाज होता, म्हणजे सरकारी आकड्याच्या तीसपटींहून अधिक. त्याच पाहणीच्या आधारे २०२० साली निघालेल्या पुढच्या निबंधात २००० ते २०१९ या वीस वर्षांतील मृत्यू बारा लाखांच्या घरात मोजले गेले. सरासरीने वर्षाला अठ्ठावन्न हजार.

एवढा मोठा फरक पडतो कसा, याचे उत्तरही त्या पाहणीत आहे. मेलेल्यांपैकी सुमारे ९७ टक्के ग्रामीण भागातले आणि सुमारे ७७ टक्के कोणत्याही रुग्णालयाच्या बाहेर मेलेले. जो रुग्णालयात पोहोचलाच नाही तो रुग्णालयाच्या रजिस्टरात येणार कसा? सरकार मोजत होते ते मृत्यू नव्हते, रुग्णालयापर्यंत पोहोचण्याची ऐपत होती. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, म्हणजे नेमके पेरणी, लावण आणि भांगलणीचे. अर्थशास्त्राच्या भाषेत याला व्यवसायजन्य इजा म्हणतात. गिरणीत हात तुटलेल्या कामगाराला भरपाईचा कायदा या देशात १९२३ सालीच मिळाला होता. शेतात हात काळा-निळा पडून मेलेल्या मजुराच्या बाबतीत मात्र आपण अद्याप पूर्वसंचितापाशीच थांबलो आहोत.

महाराष्ट्राचे नाव सर्वाधिक मृत्यूंच्या राज्यांत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्या यादीत बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, ओरिसा, आंध्र, राजस्थान व गुजरात आहेत. परंतु त्यावरून समाधान मानण्याचे कारण नाही. उलट त्यातून एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध होते. साप सगळीकडे सारखेच विषारी आहेत, माणसे सगळीकडे सारखी मरत नाहीत. ऑस्ट्रेलियात जगातले काही अत्यंत जहाल साप आहेत आणि तिथे वर्षाला सर्पदंशाने सरासरी दोन-तीन माणसे दगावतात. तिथला शेतमजूर पायात बूट घालतो, पलंगावर झोपतो, आणि दंश झाला तर त्याच्याकडे वाहन येते. दंश निसर्गाकडून होतो, पण त्या दंशाने जगायचे की मरायचे हे समाजाची घडी ठरविते.

ही घडी कशी ठरविते हे समजण्यासाठी थोडे विषाच्या कार्याकडे वळावे लागेल. आपल्याकडे माणसे मारणारे साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. नागाचे आणि मण्यारीचे विष मज्जासंस्थेवर जाते. पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, गिळता येईनासे होते आणि शेवटी श्वास चालविणारे स्नायू थकून थांबतात. मण्यार रात्री हिंडते. तिचा दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही, पुष्कळदा खूणही दिसत नाही. जमिनीवर सतरंजी टाकून झोपलेला माणूस पहाटे पोटात कळ येते म्हणून उठतो, घरचे त्याला ओवा-मीठ देतात, आणि उजाडेपर्यंत त्याच्या पापण्या मिटू लागतात. हा मृत्यू खाट नसल्याचा मृत्यू आहे. एक बाज आणि नीट खोचलेली मच्छरदाणी एवढ्याने तो टळतो. घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तावर जाते. रक्त गोठण्याची शक्ती नाहीशी होते, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते, आणि घोणशीच्या बाबतीत मूत्रपिंडे निकामी होतात. जो वाचतो तोही कित्येकदा एखादे बोट, एखादा पाय किंवा मूत्रपिंड गमावून बसतो. मेलेल्यांची संख्या निदान आता कोणी मोजली. जगून अपंग झालेल्यांची गणती कोणाच्याच दप्तरात नीट नाही.

यावर उपाय एकच आणि तो शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे. सापाचे विष अल्प मात्रेत घोड्याला टोचावयाचे, मात्रा हळूहळू वाढवावयाची, आणि घोड्याच्या रक्तात त्या विषाविरुद्ध जे द्रव्य तयार होते ते वेगळे काढून कुपीत भरावयाचे. भारतात मिळणारी लस वर सांगितलेल्या चारही सापांवर एकत्रित चालते. तिची भुकटी करून ठेवलेली कुपी बर्फाच्या पेटीवाचूनही टिकते, म्हणजे वीज नसलेल्या उपकेंद्रातही ती ठेवता येते. घोणशीच्या विषाने रक्त बिघडले आहे की नाही हे पाहण्याची परीक्षा तर हास्यास्पद वाटावी इतकी स्वस्त आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घ्यावयाचे, वीस मिनिटे ती न हलविता ठेवावयाची आणि मग तिरपी करून पाहावयाची. रक्त गोठले नसेल तर लस द्यावयाची. यासाठी ना तज्ज्ञ लागतो, ना यंत्र.

मग माणसे मरतात का? पहिले कारण वेळ. शिराळ्याच्या पश्चिमेला चांदोलीकडे डोंगर चढत जातो. वाड्या विखुरलेल्या आहेत, शेवटची एसटी संध्याकाळीच निघून गेलेली असते. दुसरे कारण अधिक लाजिरवाणे आहे. लस दिल्यावर काही रुग्णांना तीव्र प्रतिक्रिया येते, रक्तदाब कोसळतो. त्यावर ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हा साधा आणि स्वस्त उतारा आहे, परंतु तरुण डॉक्टरला त्याचा सराव दिलेला नसतो आणि रुग्ण दगावल्यास जमावाची भीती असते. म्हणून तो हाताशी लस असूनही ‘पुढे न्या’ असे लिहून देतो. प्राथमिक केंद्रातून उपजिल्हा रुग्णालय, तिथून कराड, कोल्हापूर किंवा मिरज, असा प्रवास घडतो, आणि विष त्याच वेळात आपले काम उरकते. ग्रामीण महाराष्ट्रात ‘रेफर’ हा शब्द निरक्षर माणसालाही पाठ झाला आहे. वास्तविक लसीची पहिली मात्रा गावाजवळ आणि श्वासाचे यंत्र तालुक्याला, एवढी विभागणी झाली तरी बहुसंख्य जीव वाचतील.

हे अशक्य नाही, याचे उदाहरण महाराष्ट्रानेच घालून दिले आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. कोकणच्या लाल विंचवाच्या दंशाने तेव्हा मुले पटापट मरत होती. विंचवाच्या विषाने हृदयावर नेमके काय घडते हे त्यांनी खाटेजवळ बसून पाहिले, आणि रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यावर चालते हे दाखवून दिले. पूर्वी शंभरात चाळीसच्या घरात असलेले मृत्यू एकावर आले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. गौरव योग्यच झाला. पण तो व्यक्तीचा गौरव करताना शासनाने हे सोयीस्करपणे विसरून टाकले की हा शोध मुंबईच्या पंचतारांकित रुग्णालयात लागला नाही, सरकारी प्राथमिक केंद्रात लागला. ती केंद्रे आज कंत्राटी माणसांवर चालतात.

आता लसीकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहू. हा माल बाजाराला नकोसा आहे. घोडे पाळावे लागतात, विष मिळवावे लागते, मागणी चार महिन्यांत एकवटलेली, आणि गिऱ्हाईक असे की ज्याच्या खिशात पैसा नाही. जिथे गरज अतोनात आणि क्रयशक्ती शून्य, तिथे बाजारपेठ पाठ फिरविते. एका बहुराष्ट्रीय फ्रेंच कंपनीने आफ्रिकेतील दहा जातींच्या सापांवर चालणारी आपली लस २०१४ साली तयार करणे बंद केले. नफा नाही, एवढे कारण पुरे झाले. भारतात हे क्षेत्र सार्वजनिक संस्थांनी उभे केले होते. मुंबईची हाफकिन संस्था १८९९ साली प्लेगच्या प्रयोगशाळेच्या रूपाने सुरू झाली, म्हणजे तिचा जन्मच उंदीर-पिसवांतून येणाऱ्या रोगाशी झुंजण्यासाठी झाला. तिच्या उत्पादन विभागाचे १९७५ साली सरकारी महामंडळ झाले आणि पिंपरीला सर्पदंशाची लस तयार होऊ लागली. अशी संस्था हाती असणे हे कोणत्याही राज्याला भूषण वाटावे. प्रत्यक्षात सरकारी खरेदी सर्वांत कमी दराच्या निविदेकडे पाहते, आणि कमी दराचा विजेता कोण ठरतो हे सांगावयास नको.

या दराच्या शर्यतीत गुणवत्तेचा एक प्रश्न दबून गेला आहे. देशातील लसींसाठी लागणारे विष प्रामुख्याने एकाच ठिकाणाहून येत आले, तमिळनाडूत चेन्नईजवळ असलेल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून. परंतु एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशाप्रदेशानुसार बदलते, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधनाने गेल्या काही वर्षांत स्पष्ट केले आहे. तमिळनाडूच्या विषावर बेतलेली लस दुसऱ्या टोकाच्या सापावर तितकी प्रभावी ठरतेच असे नाही. मग डॉक्टरांना कुप्यांमागून कुप्या ओताव्या लागतात. प्रादेशिक विषाचा संग्रह करणे हा यावरचा उघड मार्ग आहे.

आणि इथे पुन्हा शिराळा समोर येते. इरुळा संस्था १९७८ साली निघाली. त्याआधी हे लोक कातड्यांसाठी साप पकडीत. १९७२ च्या कायद्याने तो धंदा बंद झाला आणि जमात उपाशी पडली. तेव्हा रॉम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. तेच साप पकडतात, विष काढतात आणि काही आठवड्यांनी त्यांना पुन्हा रानात सोडून देतात. पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब बेकायदा ठरले नाही, त्याला सामाजिक उपयोग मिळाला. वन्यजीव कायद्याच्या ज्या बाराव्या कलमाचा आधार शिक्षणासाठी नाग पकडू देताना घेतला जातो, त्याच कलमात जीवरक्षक औषधासाठी सर्पविष गोळा करण्यास परवानगी देण्याची तरतूद आहे. वारणा खोऱ्यात साखरेची सहकारी संस्था आहे, दुधाची आहे, सूतगिरणी आहे, पतपेढ्या तर मोजायला नकोत. नाग हाताळणारी अनेक घरे असलेल्या या गावात विषाची सहकारी संस्था काढावी असे सहकारमहर्षींच्या एकाही वारसाला सुचू नये, याचे नवल वाटते. कदाचित तिच्यात गाळप नाही म्हणून असेल.

सारा दोष अज्ञानावर ढकलणे शहरी सुशिक्षितांना आवडते. मांत्रिकाकडे नेतात, देवळात बसवितात, जखम कापतात, दोरी आवळतात, म्हणून मरतात, असे सांगितले जाते. यात तथ्य आहे. जखम कापणे, चोखणे आणि करकचून बांधणे यांनी अपाय होतो. हातपाय हलू न देता तडक दवाखाना गाठणे एवढेच शहाणपणाचे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचले, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाल्यावरच जो संमत करण्याची शासनाला जाग आली, त्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, कुत्रा वा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा म्हणून नोंदलेला आहे. कार्यकर्त्यांनी हे कलम गावोगाव वाचून दाखवावे. मात्र एक प्रश्न स्वतःलाही विचारावा. मांत्रिक रात्री दोन वाजता दार उघडतो, तो ‘पुढे न्या’ म्हणत नाही आणि त्याच्याकडे जायला गाडीभाडे लागत नाही. विज्ञानाची बाजू घेणाऱ्यांनी विज्ञान रात्री दोन वाजता उघडे ठेवले पाहिजे, नाही तर लोकांना अंधश्रद्ध म्हणण्याचा अधिकार उरत नाही.

रात्रीचा विषय निघालाच आहे, तर विजेचा बोलणे भाग आहे. महाराष्ट्रात शेतीपंपांना त्रिफेज वीज आळीपाळीने मिळत आली, काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. कारखान्यांना, शहरांना दिवसा वीज हवी, म्हणून शेतकऱ्याने रात्री दारे धरावयाची. काळोखात, चिखलात, अनवाणी किंवा फार तर रबरी चपलेत माणूस बांधावरून फिरतो, आणि नेमक्या त्याच वेळी उंदरांच्या शोधात साप बाहेर पडतात. विजेच्या वेळापत्रकावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने सर्पदंशाचा विचार केला असेल असे वाटत नाही. पण त्या वेळापत्रकाची किंमत काही घरांनी माणसांत मोजली आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात शेतकऱ्यांनी दिवसा विजेच्या मागणीसाठी महावितरणच्या दारात धरणे धरले, तेव्हा अनेक विचारवंतांना ती अनुदानाची हाकाटी वाटली. वस्तुतः ती आरोग्याची मागणी होती. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ साली तिची दुसरी आवृत्ती निघाली. ज्या गावच्या वाहिनीवर अद्याप रात्रपाळी चालू आहे, त्या गावच्या ग्रामसभेने सर्पदंशाचा उल्लेख करून ठराव करावा आणि तो महावितरणकडे पाठवावा.

आता भरपाईची तऱ्हा पाहा. शिराळा तालुक्याच्या पश्चिम टोकाला चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान आहे. २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले. तालुक्यातील उसात बिबट्यांचा वावर नित्याचा आहे. बिबट्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर वनखाते वारसाला पंचवीस लाख रुपये देते, आणि ते द्यावेत. नाग हाही त्याच कायद्याने संरक्षित प्राणी आहे, २०२२ च्या दुरुस्तीने तर तो पहिल्या अनुसूचीत जाऊन बसला. पण त्याच्या दंशाने माणूस गेला तर वनखात्याच्या यादीत साप नाही. मग उरते ती गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना. तीत सर्पदंश येतो आणि दोन लाख रुपये मिळतात. मात्र त्यासाठी सातबाऱ्यावर नाव लागते, शेतकऱ्याचे किंवा त्याच्या कुटुंबातील एका सदस्याचे. ज्याच्या नावावर गुंठाही नाही त्याचे काय? दुसऱ्याच्या रानात रोजाने भांगलणारी बाई, बीड-धाराशिवकडून येऊन उसाच्या फडाशेजारी कोपीत जमिनीवर झोपणारा तोडणी मजूर, त्याची पाचटात निजविलेली पोरे, ही सारी या योजनेच्या बाहेर आहेत. म्हणजे एकाच बांधावर, एकाच नागाच्या दंशाने मालक आणि मजूर मेले तर मालकाच्या घरी दोन लाख आणि मजुराच्या घरी तलाठ्याचे सांत्वन. सापाने जात-वर्ग पाहिला नाही, शासनाने तो पाहिला. केरळात वनखाते सर्पदंशाच्या मृत्यूलाही भरपाई देते. तेव्हा हे आर्थिकदृष्ट्या अशक्य आहे असे म्हणण्याची सोय महाराष्ट्राला उरलेली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत वरच्या वर्गात घातले, आणि २०३० पर्यंत मृत्यू व अपंगत्व निम्म्यावर आणण्याचा कार्यक्रम २०१९ साली जाहीर केला. केंद्र सरकारने त्याच उद्दिष्टाचा राष्ट्रीय कृती आराखडा मार्च २०२४ मध्ये काढला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्व राज्यांना पत्र गेले की सर्पदंश हा सक्तीने नोंदवावयाचा रोग म्हणून घोषित करावा, म्हणजे खाजगी दवाखान्यालाही प्रत्येक दंश व प्रत्येक मृत्यू कळविणे भाग पडेल. आराखड्याच्या कागदाला नावे ठेवण्यासारखे फारसे काही नाही. पण सक्तीच्या नोंदीचा अर्थ ती नोंद तपासणारा कोणी असला तरच होतो. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापाने काजूच्या बागांत राबणारी माणसे मरू लागली, तेव्हा गावकऱ्यांनी आरडाओरडा केल्यावरच यंत्रणा हलली, याची आठवण ताजी आहे.

१९३० साली याच शिराळा भागातील बिळाशीच्या लोकांनी जंगल सत्याग्रह केला. जंगलावर हक्क कोणाचा, हा तेव्हाचा प्रश्न होता, आणि त्यासाठी त्यांनी लाठ्या खाल्ल्या. त्या गावांच्या आजच्या कार्यकर्त्यांपुढचे काम त्या मानाने किरकोळ आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात तालुक्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. लसीच्या कुप्या किती, त्यांची मुदत केव्हा संपते, ॲड्रेनॅलिन आहे काय, काचेची नळी आहे काय, रात्री डॉक्टर मुक्कामाला असतो काय, हे विचारावे आणि उत्तरे फळ्यावर लिहून केंद्राच्या दारात टांगावीत. पहिल्या मात्रेला दहा कुप्या लागतात. तीन कुप्यांवर एक केंद्र चालत असेल तर तसेही लिहावे. रोजगार हमीच्या आणि ऊसतोडणीच्या मजुरांसाठी गुडघ्यापर्यंतचे बूट व बॅटरी हे खुरप्या-कोयत्याइतकेच कामाचे साधन आहे, अशी मागणी कारखान्याच्या वार्षिक सभेत भागधारक शेतकऱ्यांनीच मांडावी. गेल्या पाच वर्षांत गावात सर्पदंशाने कोण गेले, त्यांच्या नावावर सातबारा होता की नव्हता, वारसाला काय मिळाले, याची यादी करावी. ती यादी तहसीलदाराच्या टेबलावर ठेवण्याचा दिवस श्रावण शुद्ध पंचमीचा असावा. त्या दिवशी शिराळ्यात मंत्री हजर असतात आणि वार्ताहरही.